हस्तलिखिताचे मुखपृष्ठ

१९८० साली मी नववीत होतो. १२ डिसेंबरला हुतात्मा बाबू गेनूंच्या बलिदानाला पन्नास वर्षे होत होती, म्हणून शाळेच्या हस्तलिखिताचा हिवाळी अंक त्यांच्यावर काढायचे ठरले. मुखपृष्ठावरचे चित्र आणि आतली पहिली कविता, दोन्ही माझ्याकडे आली.

माझ्याजवळ होते एका पुस्तिकेतले टपाल तिकिटाएवढे, शाई पसरलेले छायाचित्र. त्यात टोपी कळत होती, डोळे कळत नव्हते. मी तीन वेळा चौकोन आखून ते मोठे केले आणि तिन्ही वेळा कुठल्याशा प्रौढ पुढाऱ्याचा चेहरा उमटला. चित्रकलेच्या सरांनी कागद बाजूला ठेवला नि विचारले, "वय किती होते त्यांचे?" मी म्हटले, "बावीस." "मग बावीस वर्षांचा गिरणी कामगार बघ. तुमच्या चाळीत कमी आहेत का?"

बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. आमचे गावही त्याच अंगाला. चाळीत आमच्या गावचा गाळा होता. पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. माझे धाकटे काका तिथेच राहत, वय तेवीस. रात्रपाळी करून आले की केसांत, भुवयांत कापसाची तूस असायची. त्यांना मी सलग चार रविवार खिडकीपाशी बसवले. झोपेने डोळे मिटायचे, पण एकदाही नाही म्हणाले नाहीत. डोळ्यांखालची ती सूज मी तशीच काढली. सरांनी ती पुसू दिली नाही.

कवितेची गत वेगळी झाली. पहिल्या खर्ड्यात रणशिंग होते, रक्ताचा सडा होता, सिंहाची गर्जना होती. मराठीच्या बाईंनी शांतपणे वाचले आणि म्हणाल्या, "यात बाबू गेनू कुठे आहेत? हे कुणाबद्दलही लिहिता आले असते." मी खट्टू होऊन घरी आलो. माझे वडील, अण्णा, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. जेवताना त्यांना सगळी हकिकत सांगितली: काळबादेवीचा रस्ता, विलायती कापडाने भरलेली लॉरी, तिच्यापुढे आडवे झालेले बाबू. अण्णांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "म्हणजे कापडाच्या गिरणीतला माणूस कापडाच्या गाडीखाली गेला."

त्या रात्री जुना खर्डा फाडला. पुढच्या रविवारी अण्णा मला काळबादेवीला घेऊन गेले. मुळजी जेठा मार्केटच्या आसपास हातगाड्यांवर तागेच तागे. अण्णा एका ताग्याची किनार दोन बोटांत धरून बघत उभे राहिले. कविता आठ ओळींची झाली. त्यातल्या चार अजून पाठ आहेत:

रोज गिरणीत घाम गाळला,
हात कधी ना अडला;
परके कापड अडवायाला
रस्त्यावरती पडला.

बाईंनी 'पडला' या शब्दाखाली रेघ मारली. मला वाटले, चुकले. त्या म्हणाल्या, "हा शब्द बदलू नकोस." आजवर मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी हीच.

अंक ग्रंथालयात लावला, त्या दिवशी काका पाळी बदलून शाळेत आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, मग हळूच टोपी काढून हातात घेतली. स्वतःचाच चेहरा समोर आहे हे त्यांच्या ध्यानातही आले नव्हते.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात अण्णा आणि काकाही. काकांची गिरणी पुन्हा उघडली नाही. ते गावी शेतीवर गेले ते कायमचेच. त्यांचा त्या वयातला एकही फोटो घरात नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कपाटे आवरताना तो अंक सापडला, असा मला शाळेतून फोन आला. मी गेलो. कागद पिवळा पडलाय, टोपीचा पांढरा रंग पापुद्रे सुटून गळतोय. डोळे मात्र शाबूत आहेत. मी काकांच्या मुलीला बोलावून घेतले. तिने चित्राकडे पाहिले आणि विचारले, "हे बाबांचं कुणी काढलं?"