२०७ ची डायरी: घाट, बोअरचं पाणी आन वॉटर प्लग

मागच्या वेळी पाट्याचं (गाडीखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचं) काम लिहिलं होतं, ते पाटे झकास बसलेत, दोन नवीन टाकल्यामुळं रिकामी गाडी जरा उड्या मारते पण हौद्यात पाइप आन पाण्याच्या दोन मोटारी पडल्या की म्हशीसारखी शांत चालती. आज इंजिन गरम होण्याचं सांगतो, कारण एप्रिल-मे सगळा त्यातच गेला.

नवीन लोकांसाठी गाडी कोणती ते थोडक्यात. टाटा २०७ डीआय, २००४ मॉडेल, इंजिन ४९७. हा आकडा लई जणांना कळत नाही, ४ म्हणजे चार सिलिंडर आन ९७ म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) ९७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) १०० धरून हिशोब केला की बरोबर २९५६ सीसी येतात. टाटा ४०७ बी ह्याच घराण्यातली, म्हणून सामान अजून सगळीकडं मिळतं, उदगीर-अहमदपूरच्या दुकानातबी गॅस्केट किट लटकलेलं दिसतं. डिझेलचा पंप मेकॅनिकल, सेन्सर-बिन्सर काही नाही. माझा धंदा मोटार वायंडिंगचा, शेतकऱ्याच्या रानात जायचं, जळलेली मोटार बोअरमधून वर काढायची, दुकानात आणून नवी तार भरायची, परत नेऊन सोडायची. म्हणजे गाडी रोज लागती, रविवारी पुसून ठेवायची गाडी नाही ही. त्यासाठीच हौद्यात तीन पायाची घोडी आन चेन कप्पी बसवलीय, फाळक्याला आतून हत्याराची पेटी, खाली लाकडी फळ्या. घोडी वेल्डिंग मारून पक्की कर म्हणणारे लई भेटले पण मी नटबोल्टवरच ठेवली. आठ वर्षाच्या पुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, आन मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळं कंपनीनं दिलेला ढाचा मनानं बदलता येत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानंबी तेच धरलं. पासिंगच्या आदल्या दिवशी चार बोल्ट काढले की घोडी दुकानात आन गाडी जशीच्या तशी.

तर एप्रिलमधी बीडहून पाइप घेऊन यायलो होतो, सोबत पुतण्या, दुपारचे दोन, बाहेर ४२ तरी असंल. बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलं की दुसऱ्या गिअरला इंजिन जोर लावतं, तिथंच पुतण्या म्हणला, "काका, काटा लाल मधी गेलाय." मला वाटलं काटाच येडा झाला, पण वासच आला. बाजूला घेतली. इंजिन लगेच बंद केलं नाही, थोडी रेस देऊन पाणी फिरत ठेवलं, बॉनेट उघडलं. पुतण्या बाटली घेऊन रेडिएटरच्या टोपणाकडं निघाला होता, त्याला ओरडूनच थांबवलं, कारण गरम टोपण उघडलं तर तोंडावर वाफ, आन तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा. पाऊण तास बसलो, एक म्हातारे बाबा शेरडं घेऊन चालले होते, ते म्हणले "पाणी पाज की तिला", मी म्हणलं तहान तिला नाही मला लागलीय.

घरी आल्यावर सुरू झाले सल्ले. एक मिस्त्री म्हणला वॉल काढून टाक (वॉल म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा, आपल्याकडं सगळे वॉलच म्हणतात), उघडून बघितलं तर तो कुणी आधीच काढून नेलेला. दुसरा म्हणला हेड गॅस्केट (हेडखालची पट्टी) गेलंय, हेड उतरवू. तिसऱ्यानं सरळ नवा रेडिएटर सांगितला, हजारोंचा खर्च. मी म्हणलं आधी कमी पैशाचं बघू, हेड कुठं पळून जायलंय. रेडिएटरमधी बुडबुडे येत नव्हते, ऑइलला दुधी रंग नव्हता, पाणी कमी होत नव्हतं, मग गॅस्केटवर एवढा संशय कशाला.

रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) काढला आन आत बोट घातलं तर बोटाला पांढरं खरखरीत लागलं. खरं सांगू का, लाजच वाटली. रोज मी बोअरमधून वर आलेल्या पंपाचे इंपेलर (पाणी ढकलणारी चक्रं) क्षारानं चिकटलेले बघतो, पाइपाचं तोंड निम्मं झालेलं बघतो, शेतकऱ्याला सांगतो की तुमच्या पाण्यात क्षार हाय म्हणून मोटार ओढती, आन स्वतःच्या गाडीत सहा वर्ष दुकानामागच्या बोअरचंच पाणी ओतत होतो. हांड्यानं. पिण्यासाठी जार विकत घ्यायचा आन गाडीला बोअरचं. त्या बोअरचं पाणी मागं तपासलं होतं तेव्हा कडकपणा आठशेच्या वर निघाला होता, पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम चांगलं धरतात आन दुसरी सोयच नसली तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना बाहेर पडतो आन जिथं सगळ्यात जास्त गरम तिथंच आधी बसतो, म्हणजे नेमका हेडमधी. लोखंडावर चुन्याचा थर म्हणजे भर उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखं, आतली उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही.

रेडिएटर काढून लातूरला रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या चाचाकडं नेला. त्यांनी वरची टाकी उघडली, आत बघून एवढंच म्हणले, "ये तो चूने की भट्टी है बेटा." तिसरा हिस्सा नळ्या पूर्ण बंद. रॉड मारून साफ केला, टाकी परत झाळली, सगळं मिळून अठराशे घेतले आन चहाबी पाजला. पितळ-तांब्याचा जुना रेडिएटर असला तर नवा घ्यायच्या आधी असा माणूस शोधा, आता कमी राहिलेत.

इंजिनच्या आतलं मात्र मीच केलं. किलोभर सायट्रिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून भरलं, तासभर गाडी चालवली, सोडलं, चहासारखं पाणी निघालं. परत तेच. तिसऱ्या वेळी रंग बदलला तेव्हा खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं, मग साध्या पाण्यानं चार वेळा धुतलं. रात्रभर आत ठेवू नका, आन ज्यांच्या गाडीला अ‍ॅल्युमिनियमचं हेड हाय त्यांनी तर ह्या भानगडीत पडूच नका.

वॉल नवा बसवला. लोकांना वाटतं वॉल काढला की पाणी मोकळं फिरतं आन गाडी गार राहते, पण ज्या इंजिनात वॉलच बायपासचा (रेडिएटर टाळून जाणारा) रस्ताबी बंद करतो तिथं तो काढला की काही पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरत बसतं. वर हिवाळ्यात इंजिन तापायला अर्धा तास, धूर आन डिझेल जास्त. पंख्याभोवतीची जाळी-पत्रा (श्राऊड) कधीच गायब होता, तो भंगारातनं दुसऱ्या गाडीचा आणून कापून बसवला, हे काम तीनशे रुपयाचं पण फरक सगळ्यात जास्त ह्यानंच पडला असं माझं मत. रेडिएटरचं टोपणबी बदललं, जुन्याची स्प्रिंग मेलेली. नव्यावर ०.९ (बार) लिहिलंय, तेवढा दाब धरून ठेवला की साधं पाणीबी ११८ अंशाच्या आसपास उकळतं, दाब गेला की शंभरलाच.

मग मज्जा झाली. चौथ्या दिवशी सकाळी गाडीखाली कूलंटचा हिरवा ओला डाग. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची गोल टोपणं असतात ना, वॉटर प्लग, त्यातला एक मॅनिफोल्डच्या (हेडला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांच्या) मागचा गंजून चाळणी झालेला, आन इतकी वर्ष त्याला चुन्यानंच धरून ठेवलं होतं. मी चुना काढला, त्यानं पाणी सोडलं. हात जात नाही अशी जागा, मॅनिफोल्ड उतरवावं लागलं, दोन स्टड तुटले, लेथवाल्याकडं जाऊन काढून आणले. साठ रुपयाच्या प्लगसाठी दोन दिवस गाडी उभी, आन भर मे मधी, जेव्हा रोज चार शेतकऱ्यांचे फोन "मोटार कधी सोडता". मित्राचा छोटा हत्ती मागून काम भागवलं, त्याच्यात घोडी बसत नाही म्हणून दोन मोटारी हातानं ओढल्या, कंबर अजून बोलायली.

बाकीचं किरकोळ. अल्टरनेटरच्या मागच्या, ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्युम पंपाचा ऑइल होज झिरपत होता, ब्रेक दगडासारखा लागायला लागला तेव्हा कळलं, बदलला. एअर फिल्टर नवा आणून ठेवलाय पण टाकला नाही, सोयाबीनच्या मळण्या झाल्यावर टाकीन, त्या धुळीत आठ दिवसात काळा होतो.

आता कूलंट एक भाग आन डिस्टिल्ड वॉटर दोन भाग. रस्त्यात कमी पडलं तर जारचं. मे संपता संपता परत बीडला गेलो, येताना तोच घाट, तेवढंच वजन, एसी नाही म्हणून दोघंबी घामानं भिजलेलो पण काटा निम्म्याच्या थोडा वर जाऊन थांबला. पुतण्या पूर्ण घाट मोबाइल सोडून काट्याकडंच बघत होता. डिझेलचं मायलेजबी लिटरला साडेअकराचं बारावर आलंय, टाकी टू टाकी मोजून.

बॉनेटच्या आतून पेंटनं लिहून ठेवलंय, बोअरचं पाणी टाकू नये. तरी परवा दुकानातलं पोरगं हांडा घेऊन निघालंच होतं.

पुढचं काम स्पीडोमीटरची केबल, दोन वर्षं झाली काटा पडलेला, ही टाकी टू टाकी मोजणीबी मोबाइलवर किलोमीटर बघून केलीय. कुणाकडं २०७ ची जुनी केबल चालू हालतीत असंल तर लांबी मोजून सांगा.