कुठला मापक, किती वाजेपर्यंत?

जून आला की सोसायटीच्या ग्रुपवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो मुंबई बुडणार. दुसरा म्हणतो हवामान बदल वगैरे सगळं थोतांड, पूर्वीही असाच पाऊस पडायचा. दोघांनाही विचारायचा प्रश्न मात्र एकच: आकडा कुठल्या मापकाचा, आणि किती वाजेपर्यंतचा?

"मुंबईचा पाऊस" असा एक आकडा नसतोच. 26 जुलै 2005 च्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944.2 मिमी नोंदला गेला, कुलाब्याला 73.4. मध्ये अंतर साधारण वीस-पंचवीस किलोमीटर. यातला एकच आकडा उचलला तर हवं ते सिद्ध करता येतं.

दुसरी गफलत वेळेची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारी सकाळी जाहीर झालेले 150 मिमी बहुतेक सोमवारी आणि सोमवारच्या रात्रीत पडलेले असतात. त्यात मंगळवारच्या बातम्यांतले "सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच" हे 60 मिळवून "एका दिवसात 210" असा मेसेज फिरतो. खात्याच्या लेखी चोवीस तासांत 64.5 मिमीपासून मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार आणि 204.5 पासून अतिवृष्टीची सर्वात वरची पायरी, म्हणजे या बेरजेने पाऊस फुकटात एक पायरी चढला.

स्वतः मोजायचं असेल तर दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा, नरसाळ्यासारखा बसवा. तळ ओबडधोबड असतो, म्हणून आत खडे टाका, बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटलीचं तोंड आणि पोट एकाच व्यासाचं असेल तर एक मिमी पाणी म्हणजे एक मिमी पाऊस. डबा वेगळ्या आकाराचा असेल तर साठलेले मिलिलिटर तोंडाच्या क्षेत्रफळाने (चौरस सेंमी) भागा आणि दहाने गुणा. 11 सेंमी व्यासाचं तोंड म्हणजे सुमारे 95 चौरस सेंमी. त्यात 950 मिली जमले तर पाऊस 100 मिमी.

चुकतं ते जागेत. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेली बाटली छज्जाचा पाऊस मोजते, आकाशाचा नाही. गच्चीच्या कठड्याला चिकटून ठेवली तर वारा थेंब उडवून नेतो आणि आकडा कमी येतो. टाकी किंवा भिंत जितकी उंच, निदान तिच्या दुप्पट अंतर ठेवा. आणि जोराच्या दिवशी मध्येच नोंद करून रिकामी करा, नाहीतर 180 मिमीला बाटली भरून वाहील आणि पाऊस तिथेच "थांबेल".

उन्हाळ्यात तोच खेळ तापमानाचा. फोनवर 42 दिसतं, ते बऱ्याचदा दमटपणा धरून "जाणवणारं" असतं. किनाऱ्यावर उष्णतेची लाट म्हणायला किमान 37 अंश आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त लागतं. मार्चमध्ये पूर्वेचे वारे समुद्रावरून येणारं वारं अडवतात. ते दुपारी उशिरा आलं की पारा चढतो. 28 मार्च 1956 ला मुंबईत तो 41.7 वर गेला होता. हा आकडा शंकेखोर हमखास फेकतात. पण एका दिवसाचा उच्चांक हा वाऱ्याचा हिशेब असतो. हवामान बदल दिसतो तो अनेक दशकांच्या सरासरीत. "वेधशाळेभोवती काँक्रीट वाढलं" ही शंका मात्र रास्त आहे. काँक्रीट रात्री गरम ठेवतंच. पण अरबी समुद्रात काँक्रीट नाही, आणि त्याचं पाणीही तापलंय. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते पावसाळ्यात कुठेतरी उतरतं.

वणव्यांच्या आकड्यांत उपग्रह बदलला का ते बघा. उपग्रहावरचा जुना संवेदक मोडिस एक किलोमीटरच्या चौकटीत आग शोधायचा, नवा व्हीअर्स 375 मीटरच्या. बारीक चाळणीत जास्त ठिपके अडकणारच. दोन्हींची तुलना करून "आगी वाढल्या" म्हणणं खोटं. आपल्याकडच्या डोंगरातल्या आगी बहुतेक माणसाने लावलेल्या असतात. उकाडा गवत वाळवतो, काडी ओढत नाही.

भूकंपाला मात्र हवेचा काही संबंध नाही. "उकाडा वाढलाय, हादरा येणार" या निव्वळ बाजारगप्पा. पाण्याचा संबंध कोयनेत दिसला: धरण भरू लागल्यावर हादरे सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 ला मोठा भूकंप झाला. पण तो जलाशयाचं वजन आणि खडकाच्या भेगांत वाढलेला दाब यांचा मामला, तापमानाचा नव्हे. डहाणू-तलासरीकडे 2018 च्या नोव्हेंबरपासून लागलेली छोट्या धक्क्यांची रांगही हवामानाच्या खात्यात टाकू नका. रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, त्यामुळे 3 च्या दहा धक्क्यांनी मिळून एक 4 सुद्धा होत नाही. आणि पहिल्या मेसेजमधला 3.9 नंतर 3.6 झाला, तर ती लपवाछपवी नसते. तोवर आणखी केंद्रांच्या नोंदी हाती आलेल्या असतात.