काचेत कोणाचे फोटो लावायचे

फोटो प्रिंटिंगचं कुठलंही दुकान घ्या, सांगलीतलं घ्या, मिरजेतलं घ्या, तासगावातलं घ्या, काचेत काय असतं? नटलेली नवरी, एक गोरं गुबगुबीत बाळ (ते पण बऱ्याचदा कंपनीच्या पोस्टरवरचं, आपल्या गावातलं नाहीच), आणि रेटबोर्ड. पासपोर्ट आठ कॉपी, झेरॉक्स, लॅमिनेशन. आणि मग आम्हीच दुकानदार एकमेकांना सांगत बसतो की लोकं आता प्रिंट काढत नाहीत, सगळं मोबाईलमध्येच राहतं. मला हे अजिबात पटत नाही. आत शिरल्यावर प्रिंट काढावीशी वाटेल असं आपण डोळ्यासमोर ठेवतो का काही? मोबाईलमध्ये हजारो फोटो घेऊन माणूस काउंटरवर उभा असतो, आधार कार्डाची झेरॉक्स घेतो आणि जातो, त्याला आपण काहीच दाखवलेलं नसतं.

आमच्याकडे मिस्टर शूटिंगला असतात, दीर अल्बम डिझाईन करतात आणि काउंटर माझ्याकडे आहे, त्यामुळे गिऱ्हाईक काय बघतं आणि कुठं थांबतं हे मला रोज दिसतं. म्हणून हा विषय लिहायचा होता.

मोठा फोटो आपल्याकडं कधी काढतात? एक लग्नाचा, आणि दुसरा माणूस गेल्यावर. दुसरा प्रकार फार येतो. ‘वैनी, आबा गेलं, फोटू मोठा करून द्या की, उद्या दिवस हाय.’ आणि मोबाईलमध्ये काय असतं, तर कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, तो पण तीन-चार ग्रुपमधून फिरून आलेला, त्यात आबा मागच्या रांगेत, टोपीची सावली अर्ध्या तोंडावर, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. आम्ही करून देतो, मागचं काढतो, हात काढतो, जमेल तेवढा चेहरा उजळतो. पण ज्या माणसानं सगळं घर उभं केलं त्याचा एक चांगला फोटो घरात नाही याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं, आणि तो फोटो आबा असताना निघायला पाहिजे होता, आबांनी तो स्वतः भिंतीवर बघायला पाहिजे होता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, काचेत आपल्याच गावातली माणसं लावा, रोजच्या कपड्यातली, आत्ता आहेत तशी. आम्ही नवरीचे फोटो काढून टाकले नाहीत, पण बाजूला सरकवले. मध्ये आता आहेत हळदीच्या अडतीतले एक हमाल मामा, हातापायाला हळद लागलेली, बारा बाय अठरा इंचामध्ये. शेजारी एक आजी-आजोबा, अंगणात शेंगा फोडताना. एक मुलगी नवीन सायकल घेऊन. लोकं काचेपाशी थांबतात ते यांच्यापाशी, कारण ओळखीचा चेहरा दिसतो, ‘आरं हे तर आमच्या गल्लीतलं’, आणि पुढचं वाक्य असतं, ‘आमच्या आईचा असा होईल का हो?’ होईल की. तिथनंच काम सुरू होतं.

पण विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काचेत लावायचा नाही, हे आमच्याकडं पक्कं आहे. छोटा कागद छापलाय, त्यावर सही घेतो, किती महिने लावणार ते लिहितो, आणि मुदत संपली की तीच प्रिंट फ्रेमसकट त्यांना देऊन टाकतो. लहान मुलांच्या फोटोला आईवडिलांची सही लागतेच. फुकट फ्रेम मिळते म्हणून लोकं खुशीनं हो म्हणतात, नाही म्हटलं तरी विषय संपला, आग्रह करायचा नाही.

ही काही माझी नवीन शोधलेली गोष्ट नाही. कोडॅकनं न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनात १९५० पासून १९९० पर्यंत एक अवाढव्य फोटो लावला होता, कलोरामा नावाचा, १८ फूट उंच आणि ६० फूट लांब, मागून लाईट टाकलेला. चाळीस वर्षांत ५६५ फोटो बदलले. आणि त्यात काय असायचं तर घरची माणसं, सहली, सण, आणि पुष्कळ फोटोंमध्ये कुणीतरी एकजण फोटो काढताना दिसायचा. म्हणजे फिल्मचा रोल दाखवायच्या ऐवजी ते रोल घेऊन काय करायचं ते दाखवायचे. आणि दर थोड्या आठवड्यांनी बदलायचे, हे पण महत्त्वाचं. आपल्याकडं पाच-पाच वर्षं तीच नवरी काचेत असते, उन्हानं साडीचा लाल रंग पार उडालेला, चेहरा निळसर पडलेला, आणि त्याच काचेवर लिहिलेलं असतं ‘रंग टिकण्याची खात्री’. कोण विश्वास ठेवेल?

आता दुसरी भिंत, ही मला सगळ्यात आवडते. एकच फोटो सगळ्या साईजमध्ये शेजारी शेजारी. चार बाय सहा, पाच बाय सात, सहा बाय आठ, आठ बाय बारा, बारा बाय अठरा. ‘आठ बाय बारा’ असं तोंडानं सांगून कुणाच्याच डोळ्यासमोर काही येत नाही, भिंतीवर बघितलं की बोट दाखवतात, ‘ह्ये एवढं पायजे’. आणि त्याच भिंतीवर खाली दोन प्रिंट मुद्दाम लावल्यात, दोन्ही बारा बाय अठराच, एक ओरिजनल फाईलवरून आणि एक व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला. हे लावल्यापासून माझं काउंटरवरचं निम्मं बोलणं वाचलं. कारण सांगून पटत नाही लोकांना, मोबाईलच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात ना. हिशोब सोपा आहे, साधारण १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे १८ इंचाला प्रत्येक इंचात दोनशेच्या वर पिक्सेल मिळतात, भिंतीवर लावायला चांगला येतो. तोच व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की मोठी बाजू साधारण १६०० वर येते, मग १८ इंचात इंचाला नव्वद पण धड नाहीत. चार बाय सहाला चालून जातो, मोठ्याला चेहरा मेणासारखा दिसतो. २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय, तो जरा बरा, पण आम्ही सांगतो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ते डॉक्युमेंट म्हणून कसं पाठवायचं त्याचे चार स्क्रीनशॉट पण प्रिंट करून तिथंच चिकटवलेत, अगदी आजींना पण कळेल असे मोठे.

आणि बैल! हे मी लिहिणारच. आपल्या जिल्ह्यात फोटोच्या दुकानात बैलाची भिंत नसेल तर काय उपयोग. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं अटी घालून बैलगाडी शर्यतींना परवानगी दिली, आणि तेव्हापासनं ग्रामीण भागातनं येणारं काम बघा तुम्ही. जत, आटपाडी, खानापूर भागातली पोरं येतात, खिलार जोडीचा फोटो, मैदानात धुरळा उडालेला, आणि ‘ताई, मोठ्यात मोठा किती व्हतो?’ हीच माणसं स्वतःचा पासपोर्ट काढताना दहा रुपयांसाठी घासाघीस करतात आणि बैलाच्या फ्रेमला एक शब्द बोलत नाहीत. जीव असतो तो त्यांचा. आम्ही बेंदराच्या (आपल्याकडचा पोळा) आधी आठ-दहा दिवस काचेत निव्वळ बैल लावतो, शिंगं रंगवलेले, झुली घातलेले, खाली बैलाचं नाव आणि गाव. मालक सगळ्या भावकीला घेऊन बघायला येतो. आणि फ्रेम घेताना हळूच सांगतो की म्हाताऱ्याचा पण एक काढा बैलासंगं. असा फोटो घरात लागला की मला फार बरं वाटतं.

कॉलेजच्या मुलींचं वेगळं. विलिंग्डन, वालचंदकडच्या, होस्टेलला राहणाऱ्या. त्यांना पांढऱ्या बॉर्डरचे छोटे पोलरॉईडसारखे प्रिंट पाहिजेत, रूममध्ये दोरीला चिमट्यांनी लटकवायला. मग दुकानातच दोरी बांधली, चिमटे लावले, बारक्या लाईटच्या माळा सोडल्या, काही सांगायलाच लागत नाही. फुजीफिल्मनं टोकियोत हाराजुकूला २०१४ मध्ये असं दुकानच काढलं, वंडर फोटो शॉप, तरुण पोरापोरींनी यावं, स्वतः निवडावं, सजवावं, घेऊन जावं. आपल्याला तेवढी जागा कुठली, पण एक टेबल तर मावतं. टेबलावर स्टिकर, रंगीत पेनं, वॉशी टेप (नक्षीची कागदी चिकटपट्टी) ठेवा, मुली तासभर बसतात आणि जाताना अजून वीस प्रिंट काढतात.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही ती बोलते. बायका आणि मुली प्रिंट काढायला कचरतात त्याचं मोठं कारण म्हणजे मोबाईल अनोळखी माणसाच्या हातात द्यावा लागतो आणि तो सगळी गॅलरी खालवर करत बसतो. आम्ही मॉनिटर गिऱ्हाईकाकडं फिरवला. त्यांचा मोबाईल त्यांच्याच हातात, क्यूआर कोड स्कॅन करायचा, पाहिजेत तेवढेच फोटो पाठवायचे, समोर प्रिंट होतात आणि समोरच डिलीट होतात. डाय-सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेनं रंग कागदावर चढवणारा, छोटा प्रिंटर काउंटरवरच ठेवलाय, चार बाय सहा पंधरा-वीस सेकंदात येतो, आणि कागद आतबाहेर होताना आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा चढतो, शेवटी वरून पारदर्शक थर, ते बघायला लहान पोरं काउंटरला लटकतात. हे यंत्र आतल्या खोलीत लपवण्यात काहीच अर्थ नाही.

आता चहाच्या मगांचं सांगते. फोटो छापलेले मग सगळीकडं शोकेसमध्ये धूळ खात असतात. आम्ही गिऱ्हाईकाला चहाच त्यात देतो. हातात घेतला, धुतलेला बघितला, रंग गेलेला नाही बघितलं, की विचारतात. शाई वाफ होऊन मगावरच्या कोटिंगमध्ये जाते म्हणून ती निघत नाही, पण कोटिंगवाला मग पाहिजे, घरातला कुठलाही आणून चालत नाही, हे लोकांना माहीत नसतं. टी-शर्टचं पण तसंच, या पद्धतीला पॉलिस्टर लागतं आणि फिका रंग लागतो, सुती काळ्यावर येणार नाही, स्पष्ट सांगायचं.

संक्रांतीला वाण म्हणून फोटो मॅग्नेट, हे चांगलंच चाललंय. हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटून वाटून सगळ्यांचीच घरं भरलीत, त्यापेक्षा मैत्रिणींचा ग्रुप फोटो किंवा सोसायटीतल्या सगळ्याजणींचा काळ्या साडीतला फोटो, छोटा मॅग्नेट, फ्रिजवर वर्षभर राहतो. जानेवारीच्या आधी काचेत नमुने लावावे लागतात, ऐन संक्रांतीत लावून उपयोग नाही. दिवाळीत पोरांचे किल्ले, किल्ल्यामागं पोरं चिखलानं माखलेली, ह्याचे सहा बाय आठ. गौरीची आरास. जूनमध्ये शाळेचे पासपोर्ट काढायला येतात तेव्हाच दप्तर-गणवेशातला एक उभा फोटो, दरवर्षीचा, एकाच फ्रेममध्ये दहावीपर्यंत दहा खाने. ती फ्रेम पहिलीला अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी जाते घरी, आणि दर जूनला ते पोरगं परत येतं.

लाईटचं थोडक्यात. पिवळा बल्ब प्रिंटवर मारू नका, त्वचा कावीळ झाल्यासारखी दिसते. पांढरा, चांगल्या सीआरआयचा (म्हणजे रंग खरे दाखवणारा) एलईडी, वरून तिरका, आणि काचेच्या फ्रेमऐवजी मॅट लॅमिनेशन, नाहीतर रस्त्यावरचीच गर्दी फोटोत दिसते.

आणि शेवटी पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सगळीकडं पाणी. परत २०२१ ला. टीव्ही, फ्रिज परत घेता आले लोकांना. अल्बम नाही. दुकानात एका कोपऱ्यात आम्ही पुरातल्या फोटोंची जोडी लावली आहे, डावीकडं चिखलाचे डाग पडलेला, उजवीकडं स्कॅन करून दुरुस्त केलेला. त्या कोपऱ्यापाशी लोकं गप्प उभी राहतात आणि मग सांगायला लागतात, आमच्याकडं पण एक गठ्ठा आहे, माळ्यावर, चिकटलेला, टाकवत पण नाही आणि उघडवत पण नाही.

तो टाकू नका. जुने लॅबमध्ये धुतलेले फोटो जिलेटिनच्या थरावर असतात, तो थर पाण्यानं फुगतो आणि वाळला की डिंकासारखा धरतो. म्हणून कोरडे ओढले की चेहराच निघून येतो. असे फोटो स्वच्छ गार पाण्यात भिजवले की बऱ्याचदा आपोआप सुटतात, मग चेहरा वर करून सावलीत वाळवायचे. घरच्या इंकजेटवर काढलेले मात्र भिजवू नका, शाई पसरते. आणि फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच आणा, काचेतूनच स्कॅन होतो. गठ्ठा असेल तसा पिशवीत घालून घेऊन या, बघण्याचे आम्ही पैसे घेत नाही, जेवढे वाचतील तेवढे वाचवू.