तुम्ही विचारलंत म्हणून: पोटाच्या एमआरआयला इंजेक्शन कशाला?

लग्नाच्या पंगतीत, गल्लीच्या कट्ट्यावर, एकदा तर रंकाळ्यावर भेळेची पुडी हातात असताना हा प्रश्न आलाय: "पोटाचा एमआरआय लिहून दिलाय, त्यात रंगाचं इंजेक्शन पण आहे. साधाच काढला तर चालत न्हाई का ओ?" राजारामपुरीतल्या एका सेंटरमध्ये मी चौदा वर्षं एमआरआय मशीनवर आहे. रिपोर्ट डॉक्टर लिहितात, मी फोटो काढतो. त्यामुळे इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे मी सांगणार नाही. ते कशासाठी असतं, तेवढं सांगतो.

आधी तो 'रंग' बाजूला ठेवू. सिरिंजमधलं औषध पाण्यासारखं असतं आणि पोटात काहीही रंगत नाही. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. सीटीच्या औषधातलं आयोडीन क्ष-किरण अडवतं, म्हणून ते स्वतःच फोटोत पांढरं दिसतं. गॅडोलिनियमचं तसं नाही. एमआरआयला दिसतो तो शरीरातल्या पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन. मशीन रेडिओलहरींचा धक्का देऊन त्याच्या कणांना आडवं पाडतं, आणि ते पुरते उठायच्या आत पुन्हा धक्का देतं. तोवर जे उठलेले असतात ते उजळ दिसतात. गॅडोलिनियम जवळ आलं की शेजारचं पाणी लवकर उठतं. वस्ताद तालमीत आला की मातीत लोळणारी पोरं उठतात, तसं. फोटोत वस्ताद नसतो, उठलेली पोरं असतात.

पण नुसतं उजळ करायचं असतं तर एवढं सांगत बसलो नसतो. खरी गोम वेळेत आहे.

शिरोळकडचे एक आजोबा आले होते. सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसलेली, आणि इंजेक्शनला साफ नकार. मी विचारलं, "दारं धरता का अजून?"

"धरतोय की. रात्रीची लाइट असली तरी जातोय."

"मग कुठली सरी आधी भरती, कुठं पाणी तुंबतंय, कुठनं लगेच निघून जातंय, हे कोरड्या रानाकडं बघून सांगाल?"

म्हातारा हसला. "पाणी सोडल्याबिगर कसं कळंल?"

लिव्हरच्या रानाला पाट दोन. साधारण पाऊण रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेनं येतं, पाव भाग धमनीनं. लिव्हरमध्येच सुरू झालेल्या कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा धमनीच्या पाटावर पोसलेली असते. म्हणून औषध शिरेत गेल्यावर २० ते ३५ सेकंदांत पहिली फेरी घेतो. तेव्हा ती गाठ उजळते, आजूबाजूचं लिव्हर अजून कोरडंच असतं. साठ-सत्तर सेकंदांनी दुसरी फेरी, तोवर मोठ्या पाटाचं पाणी पोचून सगळं लिव्हर भरतं. तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा बघायचं. ती कॅन्सरची गाठ आता ओसरून लिव्हरपेक्षा काळी पडलेली असते. हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता, याच्या उलट वागतो. तो काठाकाठानं भरत आत येतो आणि पाणी धरून बसतो. साध्या फोटोतही अंदाज येतो, पण खात्री या भरण्या-ओसरण्यातनं येते. साठ किलोच्या माणसाला नेहमीचं औषध १२ मिली लागतं, फार तर अडीच चमचे.

"मग डायरेक्ट इंजेक्शन देऊनच काढा, वेळ वाचंल," असंही सांगतात. तसं चालत नाही. काही गाठी चरबीमुळं किंवा जुन्या रक्तामुळं आधीच उजळ असतात. इंजेक्शनआधीचा फोटो नसेल तर ही उजळ कशानं झाली, ते कळायचं कसं?

पहिली फेरी एकदाच मिळते, हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीला दुसऱ्या एका सेंटरवर होतो. गर्दीच्या दिवशी एका बाईंना सराव न देताच "श्वास धरा" म्हणालो आणि औषध सोडलं. नेमक्या धमनीच्या फेरीत त्यांनी श्वास सोडला आणि फोटो फिसकटले. औषध अंगभर पसरल्यावर ती वेळ परत आणता येत नाही. बाईंना पुन्हा यावं लागलं, पुन्हा उपाशीपोटी. तेव्हापासून आधी तीनदा सराव घेतो: घ्या, सोडा, धरा. माझं निरीक्षण सांगू? भजनी मंडळातल्या बायका सगळ्यात छान श्वास धरतात. पैलवान निम्म्यात सोडतात.

औषधं सगळी एकाच जातीची नसतात. गॅडोक्सेटेट नावाचं एक आहे, त्यातलं जवळपास निम्मं लिव्हरच्या पेशी शोषून पित्तात टाकतात. वीस मिनिटांनी फोटो काढला की निरोगी लिव्हर उजळ असतं आणि दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरच्या गाठी त्यात काळ्या भोकांसारख्या दिसतात.

आणि हो, साधा एमआरआय पुरतो, असंही असतंच. पित्तनलिकेत खडा आहे का एवढंच बघायचं असेल तर एमआरसीपीला, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयला, इंजेक्शन लागत नाही, पित्ताचं पाणी आपसूक चमकतं. अडचण इतकीच की जठरातलं पाणीही तसंच चमकतं आणि मधे येतं. त्यावर उपाय अननसाचा रस! त्यातलं मँगेनीज अशा फोटोत उलटं काम करतं, पाण्याची चमक मारतं. चार तास उपाशी ठेवलेल्या माणसापुढं रसाचा ग्लास धरला की तो आधी माझ्याकडं बघतो, मग नातेवाइकांकडं.

राहिला किडनीचा प्रश्न. किडनी खराब असेल तर हे औषध बाधतं, ही लोकांची भीती अगदीच हवेतली नाही. सुटं गॅडोलिनियम विषारी असतं, म्हणून ते एका रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून देतात. २००६ मध्ये लक्षात आलं की किडनी फारच निकामी असलेल्या काही रुग्णांची कातडी औषधानंतर लाकडासारखी कडक होते. दोष मुख्यतः उघड्या साखळीच्या जुन्या औषधांचा होता. आता बहुतेक ठिकाणी बंद कड्याची वापरतात, त्यांचा पिंजरा सहजी सुटत नाही. वारंवार घेतल्यास मेंदूत अंश राहतात असं २०१४ मध्ये दिसलं, पण त्यानं आजार होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. खबरदारी म्हणून युरोपनं २०१७ मध्ये उघड्या साखळीची काही औषधं थांबवली. तरीही किडनीचा त्रास, आधीच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी किंवा गरोदरपण असेल तर काउंटरवरच सांगा, टेबलावर झोपल्यावर नको. आम्ही क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट मागतो तो उगाच नाही.

आजोबांचं क्रिएटिनिन चांगलं होतं. शेवटी इंजेक्शन घेतलं त्यांनी. खाली उतरून शर्टाची बटणं लावत विचारलं, "आता हे पाणी उतरायला किती येळ?"

"उद्यापर्यंत लघवीतनं बहुतेक सगळं जाईल."

"बरंय की मग. आमचं रान आठ-आठ दिवस सोडत न्हाई."