जर्मन ए१: डॉक्टरला फोन लावण्याचा तास

ए१चा, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीचा, तास आखताना मी आधी काम ठरवते. उदाहरणार्थ, फोनवरून डॉक्टरची अपॉइंटमेंट घेणं. मग तो फोनवरचा संवाद पूर्ण लिहून काढते आणि त्यात काय काय लागतं ते बघते: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, वार, वेळ. या यादीत नसलेलं व्याकरण त्या दिवशी फळ्यावर येत नाही. ‘इश हेटं गेर्न आइनन टेर्मीन’ (मला अपॉइंटमेंट हवी होती) हे वाक्य अख्खंच पाठ करून घेते. त्यातलं ‘हेटं’ हे कुठलं रूप, ते पुढच्या पातळीवर बघता येतं.

दीड तासातला निम्मा वेळ स्पेलिंग आणि आकड्यांना जातो, आणि तो द्यावाच. जोशी म्हणजे योट, ओ, एस, हा, ई. हा शेवटचा ‘ई’ म्हणजे इंग्रजीतला आय, पण इंग्रजीला सरावलेला कान तिथे हमखास चुकीचं अक्षर लिहितो. आकडे इंग्रजीतून शिकलेली मुलं ३२ ऐकून २३ लिहितात, कारण जर्मनमध्ये एकक आधी येतं. त्यांना मी मराठीत मोजायला लावते: बत्तीस, बेचाळीस, बावन्न. एकोणतीस-एकोणचाळीसपाशी ही युक्ती फसते, तेवढं सांगून ठेवायचं. वेळेचा खड्डा वेगळाच: ‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच, पण बरेच जण साडेतीन धरतात.

मग जोडीचं काम. एकाकडे रिसेप्शनिस्टची डायरी, दुसऱ्याकडे पेशंटचा आठवडा. दोन्ही कागदांवर जुळणारी वेळ एकच ठेवायची आणि तीही गुरुवार-शुक्रवारी, नाहीतर पहिल्याच प्रश्नात काम उरकतं. पाठीला पाठ लावून बसवते, म्हणजे कागदात डोकावणं बंद आणि हातवारेही बंद. तरी मराठी घुसतेच, बहुतेक वेळा ‘काय? परत सांग ना’ एवढ्यासाठी. म्हणून ‘नोख आइनमाल, बिटं’ (परत एकदा, प्लीज) आणि ‘लांगसामर, बिटं’ (जरा हळू, प्लीज) आधीच तोंडात बसलेलं हवं.

बोलणं चालू असताना मी टोकत नाही, चुका टिपून ठेवते. गुण देताना आधी बघते, दोघांनी एकच वार आणि वेळ लिहिली आहे का. ‘आइनन’च्या जागी ‘आइन’ आलं तर त्याचे गुण कापत नाही. ‘हे परीक्षेत येतं का?’ हा प्रश्न ठरलेलाच. येतं: गोएथं-इन्स्टिट्यूटच्या ए१ तोंडी परीक्षेत ओळख करून देताना स्पेलिंग आणि एखादा नंबर सांगावा लागतो.

लवकर उरकलेल्या जोडीला ठरलेली वेळ रद्द करून नवी घ्यायला सांगते. त्यासाठी डायरीत पुढच्या आठवड्यातली एखादी रिकामी जागा आधीच ठेवलेली बरी.