दोन मार्कांचा प्रश्न

मे महिन्यातली दुपार. बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि आत भाचा कूलरसमोर चादर ओढून पुस्तक घेऊन आडवा. उन्हाळ्यात चादर कशाला, हे सोलापूरकराला विचारू नये.

"मामा, लिनक्स म्हणजे युनिक्सच ना?"

झालं. ह्या प्रश्नावर मला गप्प बसता येत नाही. एकदा लग्नाच्या पंगतीत भात येईपर्यंत शेजारच्याला मी हेच समजावत होतो. दोन्ही कॉम्प्युटर चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम, पण लिनक्सला युनिक्ससारखं म्हणावं, युनिक्स नव्हे! बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिचींनी सुरू केलं ते मूळ घराणं. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये आपला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोऱ्या पाटीवर लिहिला. वळण युनिक्सचं, रक्त नाही.

"मग खरं कुठलं?"

इथं माझीच गाडी अडते. बर्कले विद्यापीठाचं बीएसडी युनिक्सच्या मूळ कोडवरच वाढलेलं. पुढं कोर्टकचेरी झाली, १९९४ मध्ये तडजोड झाली. त्याच वंशातलं फ्रीबीएसडी आज स्वतःला युनिक्स म्हणवून घेऊ शकत नाही, कारण ते नाव ट्रेडमार्क आहे, द ओपन ग्रुप या संस्थेच्या ताब्यात. त्यांच्या चाचण्या पास व्हा, फी भरा, मग नाव लावा. ॲपलच्या मॅकनं २००७ मध्ये रीतसर लावलं. आणि हुआवे या चिनी कंपनीची युलरओएस, जी चक्क लिनक्सवर उभी आहे, तिनंही सर्टिफिकेट मिळवलं होतं! घरच्या पोराला आडनाव नाही, आणि बाहेरून आलेला कागद दाखवून आत.

मला दादरचा फुटपाथ आठवला. मी सात-आठ वर्षांचा. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईला मावशीकडं गेलेलो, सोबत तिच्यासाठी नेलेल्या चार चादरी. एक विक्रेता ओरडत होता, "असली सोलापुरी!" बाबांचं उभं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं. ते थांबले. चादर उलटी केली, काठ चिमटीत धरून चोळला, वजन तोललं आणि सगळ्या फुटपाथला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही आपल्याकडची नव्हे." आई पदर तोंडाला लावून पुढं निघून गेली. विक्रेता मात्र शांत. म्हणाला, "ऊब तर तीच आहे ना साहेब?"

बाबांना उत्तर सुचलं नाही. मावशीच्या घरी पोचेपर्यंत ते बोललेच नाहीत. पुढं सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी पेपरातलं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तोवर ते ज्या शेडमध्ये होते तिथले माग भंगारात निघाले होते.

हे सगळं भाच्याला सांगावं म्हणून वळलो.

"किती मार्काला आहे रे प्रश्न?"

"दोन. चूक की बरोबर लिहायचंय."

"मग काय लिहिलंस?"

चादरीतून उत्तर आलं नाही. पुस्तक छातीवर उपडं पडलं होतं. मी कूलरमध्ये एक बादली पाणी ओतलं.