ई-क्लासवरची पोरं

रविवार, रात्र

आज बाजाराचा दिवस, म्हणून बायका कापूस वेचायला आल्या नाहीत. दुपार कलल्यावर तुरीच्या शेंगा सोलायला ओट्यावर बसले आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच राहिले. समोर ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची, मोकळी जागा आहे, आणि चार वाजले की गावातली पोरं तिथं यायला लागतात.

आधी आली ती लहानी, टेनिस बॉलवाली. स्टंप म्हणून पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, रोवलेल्या. त्यातला एकजण लांबून धावत येऊन बॉल टाकतो आणि स्वतःला उमेश यादव म्हणवतो. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, खाणकामगाराचा तो मुलगा भारतासाठी खेळला, हे या पोरांना तोंडपाठ आहे. त्यानंही आधी पोलिसात लागायची खटपट केली होती, हे मोठ्या पोरांना जास्त जवळचं वाटतं. कारण त्यांचं सगळं पोलीस भरतीभोवती चाललेलं असतं.

मैदानी चाचणी ५० गुणांची. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, मग शंभर मीटर आणि गोळाफेक. पांदणीवर त्यांनी दगडांना चुना लावून अंतरं आखून घेतली आहेत. शेजारची पोरगी बारावीत आहे. वय बसायला अजून वेळ आहे, तरी ती आत्तापासून धावते. सोबत तिच्या दोन मैत्रिणी. ओढण्या कमरेला घट्ट बांधतात, चपला बांधावर काढतात आणि अनवाणी पळतात.

आज ती घाईघाईत माझ्याकडे आली.

"काकू, कापसाचा काटा द्या ना जरासा."

"काय मोजाचं आहे?"

"गोटा."

खरंच, मागून एक पोरगा नाल्यातला काळा गोटा दोन्ही हातांनी धरून आला. पोरींचा गोळा चार किलोचा असतो. बाजारातला लोखंडी गोळा घ्यायला पैसे नाहीत, म्हणून त्यांनी हा गोटा छन्नीनं फोडत फोडत गोल करत आणलेला. प्लास्टिकच्या पोत्यात घालून काट्याला अडकवला.

"साडेचार भरते ना बे!"

"मंग आनखी फोडा लागते."

तिथंच ओट्याखाली बसून त्यांनी तो टाचायला घेतला. जरा टाचायचा, काट्याला लावायचा, परत टाचायचा. बोटांवर दगडाची पांढरी भुकटी. पोरगी मधूनमधून गोटा मानेला टेकवून बघायची, कुठं टोचतो ते सांगायची, आणि पोरगा तेवढाच कोपरा झाडायचा. काटा बरोबर चारवर थांबला तेव्हा कुणी ओरडलं नाही. पोरगी गोटा घेऊन सरळ फेकायला गेली. मला त्या पोरांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

पारावरची मंडळी म्हणतात, आताचे पोट्टे वाया गेले. पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसणारे आहेत, मोबाइलवर रात्र काढणारेही आहेत, मी नाही म्हणत नाही. पण कबड्डीच्या आखणीत पाय ठेवायचा तर खिशातली खर्ऱ्याची पन्नी आधी बाहेर टाकायची, हा नियम या पोरांनीच केला आहे. मोठ्यांपैकी कुणी शिकवलेला नाही. आखणी चुलीतल्या राखेची असते, राख घरोघरी फिरून गोळा करतात. आपल्याच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली होती. त्याच खेळाला आमच्या गावात धड सपाट जमीन मिळू नये, याचा मला त्रास होतो.

जागा दरवर्षी आकसते आहे. एका बाजूनं उकिरडे पुढं सरकले, दुसरीकडं कुणी पऱ्हाटीचे गंज लावले, मधून ट्रॅक्टरची चाकोरी पडली. परवा कबड्डीत एका पोराचा पाय त्याच चाकोरीत मुरगळला. पोरींचं तर आणखी कठीण. या दिवसांत पावणेसहाला ऊन जातं, खांबावर दिवा नाही, आणि अंधार पडला की घरून हाका सुरू होतात. पोरं पुढं तासभर खेळतात. पोरींचा सराव तिथंच तुटतो. पहाटे पांदणीवर जावं तर रानडुकरांची भीती. म्हणजे भरतीत गुण सगळ्यांना सारखे मोजणार, आणि सरावाला वेळ मात्र पोरींना निम्मा.

आमच्या वेळी पोरीनं असं उघड्यावर पळणं कुणाच्या मनातही आलं नसतं. शाळेतून आलं की ओटी बांधून वावर. आता त्यांच्या आयाच त्यांना "जा, धावून ये" म्हणतात, तर निदान उजेड तरी द्यावा.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे, त्याआधी महिला सभा होईल. तिथं मी विषय मांडणार आहे: उकिरडे हलवा, जेसीबी लावून जमीन सपाट करा, खांबावर एक दिवा लावा, आणि ही जागा खेळासाठीच राहील असा ठराव वहीत लिहून घ्या. संध्याकाळी शेजारणीला बोलले, ती लगेच हो म्हणाली. उद्या वेचायला बायका येतील तेव्हा बाकीच्यांना गाठते. काटाही पोरांकडेच राहू दिला आहे, त्यांना आता पोरांसाठी सव्वासात किलोचा गोटा करायचा आहे.